ही ओळ कोण कोण वाचणार? कॉन्फिग फाइलीतले #, @, %, $ आणि मंडळी

नोकरीला लागून दुसरा-तिसरा महिना होता. शुक्रवारची संध्याकाळ, डेटाबेसचा पासवर्ड नुकताच बदललेला, आणि ॲप काही केल्या चालू होईना. लॉगमध्ये एकच रडगाणं: पासवर्ड चुकीचा. तोच पासवर्ड हाताने टाकला की डेटाबेस मुकाट उघडायचा. कॉन्फिग फाइल, म्हणजे ॲपच्या सेटिंग जिच्यात लिहिलेल्या असतात ती, उघडून एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, सगळं बरोबर. रात्री सव्वानऊला एक सीनियर विसरलेला डबा न्यायला परत आले, खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "अरे, मधे हॅश आहे ना? त्याच्या पुढचं सगळं कॉमेंट झालंय." डबा घेतला आणि गेले. (कॉमेंट म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप, संगणक ती सोडून देतो.)

फाइलीत जे दिसतं तेच ॲपपर्यंत पोचतं असं आपण धरून चालतो. पण मधे वाचणारे असतात. कोणी शेल (टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा), कोणी डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन), कोणी यामल या फॉरमॅटच्या सेटिंग-फाइली वाचणारी लायब्ररी. प्रत्येकाने काही चिन्हं स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेली असतात. तुमच्या पासवर्डात त्यातलं एखादं आलं की त्याला ते चिन्ह वाटत नाही, हुकूम वाटतो. म्हणून "या चिन्हाला एस्केप कसं करायचं", म्हणजे त्याचा खास अर्थ कसा काढून घ्यायचा, हा प्रश्न तसा अर्धवटच आहे. आधी विचारायचं ते हे: ही ओळ कोण कोण वाचणार?

खालचे नमुने वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या फाइलीत सेटिंगची नावं आणि आकडे इंग्रजी लिपीतच टाका. सगळीकडे हाच एक पासवर्ड वापरणार आहे. मुद्दाम खोडकर निवडलाय:

१९#६०@२५%$७१

मोजून बघा, १२ चिन्हं आहेत. हा १२ लक्षात ठेवा.

पायरी १: साखळी कागदावर काढा

खरंच कागदावर. उदाहरणार्थ: डॉट-ईएनव्ही फाइल (ओळीला एक सेटिंग, नाव=मजकूर अशी), मग डॉकर कंपोज (कंटेनर सुरू करणारा), मग कंटेनरचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून मिळणारी सेटिंग), मग पायथन, मग डेटाबेसचा यूआरएल. म्हणजे पाच मुक्काम. यातला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कशालाच हात लावत नाही, मिळालं ते तसंच पुढे देतो. बाकीचे चौघे काही ना काही करतात. नवशिक्यांची बहुतेक वेळ चुकीच्या मुक्कामावर दुरुस्ती करण्यात जाते: कोट लावून बघ, काढून बघ, बॅकस्लॅश टाकून बघ. असं अंदाजपंचे करून एखाद्या वेळी जमतंही, पण का जमलं ते कळत नाही, आणि पुढच्या सर्व्हरवर तेच परत.

पायरी २: पासवर्ड छापू नका, त्याची लांबी छापा

ॲपच्या सुरुवातीला तात्पुरती एक ओळ टाका: मिळालेल्या पासवर्डात किती चिन्हं आहेत. पासवर्ड लॉगमध्ये कधीही छापायचा नाही, लॉग शंभर ठिकाणी जातात. नुसत्या लांबीवरूनही भरपूर कळतं. आपल्या १२ चिन्हांच्या पासवर्डाचं पाहा:

२ आली, तर # पासून पुढचं कोणीतरी कॉमेंट समजून टाकून दिलं. उरलं नुसतं १९.
१० आली, तर शेलने $७ हा व्हेरिएबल समजला. त्यात काहीच नव्हतं, म्हणून ती दोन चिन्हं गेली.
१४ आली, तर दोन्ही बाजूंचे कोटसुद्धा पासवर्डाचा भाग बनले.
१३ आली, तर शेवटी न दिसणारं काहीतरी चिकटलंय: स्पेस, नवी ओळ किंवा विंडोजचं ओळ-संपलं चिन्ह.
१२ आली आणि तरी लॉगिन होत नाही, तर ॲपपर्यंत पासवर्ड नीट आलाय. पुढे यूआरएलमध्ये शोधा.

हे १३चं प्रकरण नेमकं कुठून येतं? बहुतेक वेळा इको कमांडने पासवर्ड फाइलीत लिहिल्यामुळे. इको शेवटी नवी ओळ जोडतो. त्याऐवजी प्रिंटएफ वापरा, आणि त्यातही पहिला कोट फॉरमॅटसाठी ठेवून पासवर्ड दुसऱ्या कोटात द्या, नाहीतर प्रिंटएफ पासवर्डातल्या % चा अर्थ लावत बसेल.

चाचणी झाली की ती ओळ आठवणीने काढून टाका.

पायरी ३: वाचणाऱ्याप्रमाणे कोट लावा

डॉट-ईएनव्ही फाइलीपासून सुरू करू, कारण सगळ्यांत साधी दिसणारी हीच फाइल सगळ्यांत जास्त फसवते. तिचं ठरलेलं असं एक प्रमाण नाही. ज्याने त्याने आपापल्या परीने वाचायची. ही ओळ घ्या:

डीबी_पासवर्ड=१९#६०@२५%$७१

नोडमधली डॉटएन्व्ह लायब्ररी कोट नसलेल्या मजकुरात # दिसला की तिथेच थांबते, तेव्हा लांबी २. पायथनची डॉटएन्व्ह # च्या आधी स्पेस असेल तरच कॉमेंट मानते, म्हणून तिथे पूर्ण १२. तीच फाइल शेलमध्ये सोर्स केली, म्हणजे शेललाच चालवायला दिली, तर १०. फाइल एक, ओळ एक, उत्तरं तीन. "माझ्या मशीनवर चालतंय" या वाक्याचा उगम बऱ्याचदा इथे असतो.

आता एकेरी कोट लावा:

डीबी_पासवर्ड='१९#६०@२५%$७१'

तिघांकडेही १२. कंपोजसुद्धा डॉट-ईएनव्हीमधल्या एकेरी कोटातलं $ जसंच्या तसं ठेवतं. दुहेरी कोट लावले तर # शाबूत राहतो, पण शेल आणि कंपोज $ चा अर्थ लावतातच. म्हणून सवय एकेरी कोटाची ठेवा. पण एक खाचखळगा आहे: डॉकर रन कमांडला एन्व्ह-फाइल म्हणून ही फाइल दिलीत, तर तो कोटांना काहीच मानत नाही. बरोबरच्या चिन्हापुढे जे असेल ते कोटासकट उचलतो, आणि लांबी होते १४. म्हणजे डॉकर रनसाठी कोट नकोत आणि बाकीच्यांसाठी हवेत. एकच फाइल दोघांना द्यायची हौस सोडून द्या, दोन फाइली ठेवा.

यामलमध्ये आपला पासवर्ड बिनकोटाचाही चालतो, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. यामलमध्ये # च्या आधी मोकळी जागा असेल तरच कॉमेंट सुरू होते. पण हाच पासवर्ड @ किंवा % ने सुरू झाला असता तर यामल तिथेच अडलं असतं, आणि & किंवा * ने सुरू झाला असता तर त्याला ते अँकर (नाव दिलेला तुकडा) आणि त्याचा संदर्भ वाटलं असतं. मधे "कोलन आणि स्पेस" आलं तरी गडबड:

शीर्षक: सूचना: उद्या सर्व्हर बंद

इथे दुसऱ्या कोलनला यामल नवी जोडी समजतं आणि चूक दाखवतं. उपाय तोच, पूर्ण मजकूर एकेरी कोटात. आत एकेरी कोट यायचाच असेल तर तो दोनदा लिहायचा, बॅकस्लॅश नाही. दुहेरी कोटात मात्र बॅकस्लॅशला अर्थ असतो.

यामलची खरी गंमत चिन्हांत नाही, चिन्हाविना दिसणाऱ्या गोष्टींत आहे. शाखांची यादी करताना कोणीतरी लिहिलं:

पुणे: ०२०
मुंबई: ०२२
पणजी: ०८३२
बंद_होण्याची_वेळ: १९:३०

यामल १.१च्या नियमाने शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा. त्यामुळे पुण्याचा एसटीडी कोड होतो १६ आणि मुंबईचा १८. पणजीच्या कोडात ८ आहे, अष्टमानात तो अंकच नाही, म्हणून पणजी सहीसलामत मजकूर म्हणून राहते. आणि १९:३०? ते साठमान पद्धतीने वाचलं जाऊन ११७० होतं, १९ गुणिले ६० अधिक ३०. ०७:३० लिहिलं असतं तर काही झालं नसतं, कारण हा नियम शून्याने सुरू होणाऱ्या आकड्याला लागू नाही. सकाळची वेळ ठीक आणि संध्याकाळची बिघडलेली, असा बग पकडायला किती वेळ लागेल विचार करा. नॉर्वेचा देशकोड एन-ओ असल्यामुळे त्याचं "असत्य" होतं, हा किस्सा तर जगप्रसिद्ध आहे. यामल १.२ आलं २००९ मध्ये आणि त्यात यातलं बरंच सुधारलं, पण पायथनची पायवायएएमएल लायब्ररी अजून १.१च्याच नियमांनी चालते. आणि १.२मध्येसुद्धा ०२०चा २० होतोच, पुढचं शून्य गेलंच. तेव्हा फोन, पिन, वेळ, आवृत्ती क्रमांक, देशकोड, सगळं कोटात.

कंपोजची फाइलही यामलच, पण यामलनंतर कंपोज स्वतः $ शोधतो. त्यामुळे त्या फाइलीत थेट लिहिताना $ दोनदा लिहावा लागतो: '१९#६०@२५%$$७१'. एकेरी कोट इथे $ ला वाचवत नाहीत, कारण कोट यामलसाठी होते आणि यामलने ते काढून घेतले. वाचणारे दोन, बंदोबस्त दोन.

जेसनचं काम सोपं आहे. मजकूर कायम दुहेरी कोटात, आणि आत फक्त दुहेरी कोट व बॅकस्लॅश यांच्या आधी बॅकस्लॅश. आपला पासवर्ड तिथे जसाच्या तसा बसतो. कॉमेंट लिहायची सोय नाही, शेवटच्या घटकापुढे कॉमा चालत नाही, संपलं.

एक्सएमएलमध्ये & आणि < ही दोन चिन्हं उघडी ठेवायची नाहीत. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरच्या फाइलीत डेटाबेसचा लांबलचक यूआरएल टाकताना त्यातला & हमखास नडतो. त्याच्या जागी &#३८; लिहा, < च्या जागी &#६०;. आतले आकडे अर्थात इंग्रजी.

पायरी ४: यूआरएल आला की आतून बाहेर चला

डेटाबेसचा पत्ता बऱ्याचदा एकाच ओळीत देतात:

पोस्टग्रेस://दुकान:१९#६०@२५%$७१@सर्व्हर:५४३२/विक्री

यूआरएलमध्ये @ नंतर सर्व्हरचं नाव येतं (आपल्याकडे ज्याला सगळे "ॲट द रेट" म्हणतात तोच हा), आणि # नंतरचा भाग वेगळाच मानला जातो. या ओळीत सर्व्हर कुठला, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? म्हणून पासवर्डातल्या प्रत्येक राखीव चिन्हाच्या जागी % आणि त्याचा हेक्स कोड लिहायचा. # साठी %२३, $ साठी %२४, % साठी %२५, @ साठी %४०, स्पेससाठी %२०. आपला पासवर्ड असा होतो:

१९%२३६०%४०२५%२५%२४७१

हाताने करू नका. पायथनच्या यूआरएललिबमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. पायथनचं फंक्शन वापरताना "सुरक्षित चिन्हं" हा पर्याय रिकामा ठेवा, नाहीतर ते / ला सोडून देतं.

आता हाच यूआरएल पायथनच्या आयएनआय फाइलीत ठेवायचाय असं समजा. अलेंबिक (डेटाबेसची रचना बदलायचं पायथनचं साधन) वापरणाऱ्यांना हे लवकरच भेटतं. ती फाइल वाचणारा कॉन्फिगपार्सर % ला व्हेरिएबलची खूण समजतो आणि चिडतो: % नंतर % किंवा कंस हवा. म्हणून प्रत्येक % दोनदा:

१९%%२३६०%%४०२५%%२५%%२४७१

हा उलगडा उलट दिशेने वाचून बघा. कॉन्फिगपार्सर दोन % चा एक करतो. मग यूआरएल वाचणारा %२३चा # करतो. शेवटी डेटाबेसला मूळचा पासवर्ड मिळतो. लिहिताना क्रम याच्या उलटा: जो सगळ्यांत शेवटी वाचणार त्याची तयारी सगळ्यांत आधी. आधी यूआरएलची, मग फाइलीची. उलट केलंत तर वाट लागलीच म्हणून समजा.

तसंच क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी चालवायच्या कामांच्या यादीत, % म्हणजे नवी ओळ. तिथे त्याच्या आधी बॅकस्लॅश. तारखेच्या नावाने बॅकअप घेणारी क्रॉनची ओळ टर्मिनलवर चालते आणि रात्री चालत नाही, ती यामुळे.

आणि पासवर्ड ठरवणं तुमच्या हातात असेल तर? इंग्रजी अक्षरं, आकडे, फार तर - आणि _. ताकद लांबीने वाढवा. ३२ हेक्स अंकांचा रँडम पासवर्ड म्हणजे १२८ बिट झाले, त्यात # घालून कोणाचं भलं होत नाही. "किमान एक विशेष चिन्ह" असा नियम असेल तर - घाला आणि पुढे चला.

पायरी ५: बॅकस्लॅश

विंडोजवर काम करत असाल तर जावाच्या प्रॉपर्टीज फाइलीत हे एकदा तरी होणारच:

फोल्डर=सी:\टेम्प\न्यू

जावाच्या लेखी बॅकस्लॅशपुढचा छोटा टी म्हणजे टॅब आणि छोटा एन म्हणजे नवी ओळ. चूक दाखवत नाही, फक्त फोल्डर सापडत नाही म्हणतं. त्यापुढचा कहर म्हणजे छोट्या अक्षरांत लिहिलेलं \यूजर्स. बॅकस्लॅश आणि छोटा यू दिसला की जावाला पुढे चार हेक्स अंक हवे असतात, मिळाला एस. फाइल वाचणंच बंद पडतं. त्यातल्या त्यात हे बरं, निदान आरडाओरडा तरी होतो. उपाय दोन: बॅकस्लॅश दोनदा लिहा किंवा सरळ पुढचा स्लॅश / वापरा. विंडोजवरची जावा तो आनंदाने घेते. मी दुसराच करतो.

पायरी ६: न दिसणारी मंडळी

व्हीएस कोड उघडलंत की खाली उजव्या कोपऱ्यात फाइलीचं एन्कोडिंग आणि ओळ संपण्याची पद्धत लिहिलेली असते. काही अडलं की आधी तिथे बघा. तिथे "सीआरएलएफ" असेल तर ती विंडोजची पद्धत, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं चिन्ह. लिनक्सवर शेलने ती फाइल वाचली की मघाचा १३चा आकडा येतो. "यूटीएफ-८ विथ बॉम" असेल तर फाइलीच्या तोंडाशी तीन बाइट लपलेत, आणि पहिल्या सेटिंगचं नाव काही वाचणाऱ्यांना ओळखू येत नाही. पहिलीच सेटिंग सापडत नाही आणि बाकीच्या सापडतात, हे बॉमचं लक्षण. जुनं नोटपॅड यूटीएफ-८मध्ये सेव्ह करताना बॉम टाकायचंच. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ते बॉमशिवाय सेव्ह करतं. दोन्ही गोष्टी त्याच कोपऱ्यात क्लिक करून बदलता येतात.

वर्डमधल्या डॉक्युमेंटमधून सेटिंग कॉपी करू नका. वर्ड सरळ कोटांचे “असे” वाकडे कोट करतो आणि दोन हायफनची एक लांब रेघ. दिसायला देखणं, पण वर आलेल्यांपैकी एकही वाचणारा त्यांना कोट मानत नाही.

पायरी ७: फाइलीत मराठी मजकूर असेल तर

बटणांची नावं, सूचना, पावतीवरचा मजकूर, हे सगळं कॉन्फिगमध्येच राहतं. स्क्रीनवर मराठीऐवजी काय येतंय ते नीट बघा. अक्षरागणिक चिन्हांचा खच आणि त्यात पुन्हापुन्हा ¤ दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ आहे पण वाचणाऱ्याने लॅटिन समजून वाचली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं, आणि त्या तिघांची तीन वेगळी अक्षरं झाली. मजकूर शाबूत आहे, वाचण्याची पद्धत बदला. पण नुसती ????? दिसत असतील, तर कोणीतरी ज्या एन्कोडिंगमध्ये मराठीच नाही त्यात तो लिहून टाकलाय. फाइलीतच प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, गिटमधून जुनी प्रत काढा.

जावात हे फार होतं, कारण प्रॉपर्टीज फाइल पूर्वापार आयएसओ-८८५९-१ मानून वाचली जाते. २०१७च्या जावा ९ पासून भाषांच्या रिसोर्स बंडलसाठी यूटीएफ-८ धरलं जातं. पण इनपुटस्ट्रीम देऊन प्रॉपर्टीज थेट लोड केलीत तर जुनाच नियम लागतो. तिथे यूटीएफ-८ सांगून उघडलेला रीडर द्या. जुन्या प्रोजेक्टांत प्रत्येक अक्षराचा कोड लिहिलेला दिसेल, अ साठी बॅकस्लॅश, यू आणि ०९०५. चालतं ते, पण माणसाला वाचता येत नाही.

देवनागरी आकड्यांची गंमत अशी: पोर्ट चुकून ८०८० असा देवनागरीत टाकला तर जावा आणि पायथन तो मजकुराचा आकडा करताना बिनतक्रार स्वीकारतात. जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. जेसनमध्ये कोटाबाहेर लिहिलात तर फाइलच नापास.

सेटिंगचं नाव मराठीत ठेवण्याचा मोह टाळा. ॲ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: ०९७२ हा एकच कोड, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. एकाने फोनवरून टाइप केलं, दुसऱ्याने लॅपटॉपवरून, की झालं.

शेवटचं, आणि हे मी दोनदा निस्तरलंय. वर सांगितलेल्या अदृश्य चिन्हांना वैतागून कोणीतरी एक स्क्रिप्ट लिहितं, सगळ्या फाइलींतली न दिसणारी चिन्हं पुसून टाकणारी. पासवर्ड आणि सेटिंगच्या नावांपुरतं ते ठीक. पण जुन्या मराठी मजकुरात "दऱ्या" मधला ऱ्य बऱ्याचदा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह असा लिहिलेला असतो. ते पुसलं की उरतो "दर्या". एका ट्रेकिंगच्या ॲपमध्ये सह्याद्रीतल्या खोल दऱ्यांची माहिती होती. डिप्लॉयनंतर सह्याद्रीत खोल दर्या आला. स्क्रिप्ट चालवायचीच असेल तर त्याआधी मजकुरातले असे र ०९३१ या कोडच्या ऱ मध्ये बदलून घ्या, आणि कमिट करण्यापूर्वी गिटचा डिफ (काय काय बदललं त्याची यादी) एकदा मराठी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा.